सोयाबीनचा ओलावा आणि डिझाइन थिंकिंग: औसा तालुक्यातल्या प्रकल्पाच्या नोंदी

3 ऑक्टोबर 2024, गुरुवार

आज घटस्थापना, आणि आजच शेवटच्या वर्षाच्या मुलांचा प्रकल्प ठरला. लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीनं आमच्या तंत्रनिकेतनाला पत्र दिलंय. मागं एकदा हरभऱ्याच्या हमीभाव खरेदीला गाड्यांची रांग लागली होती. यंदा सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये क्विंटल आहे आणि बाजार त्याच्या बराच खाली, म्हणजे गर्दी होणारच. तेव्हा टोकन देणारं मोबाइल ॲप करून द्या, अशी मागणी आहे.

मुलं खूश झाली. ॲप त्यांना जमतं. मी पत्र फाइलला लावलं आणि दिवाळीपर्यंत कोडची एकही ओळ लिहायची नाही असं सांगितलं. तोवर फक्त माणसांना भेटायचं. गटात थोडी चुळबुळ झाली. एकानं विचारलं, "मॅडम, त्यांना काय पायजे ते त्यांनी लिहून दिलंय की, मग विचारायचं काय?"

या प्रश्नापासूनच शिकवायला सुरुवात केली. पत्र लिहिणारा कंपनीच्या कार्यालयात बसतो, रांगेत उभा राहतो तो दुसराच माणूस. डिझाइन थिंकिंग या दुसऱ्या माणसापासून सुरू होतं. हर्बर्ट सायमन यांनी 1969 मध्ये मांडलं होतं, की आहे ती परिस्थिती हवी तशी बदलण्यासाठी जो जो कृतीचा मार्ग आखतो तो डिझाइनच करत असतो. म्हणजे डिझाइन ही फक्त कपडे, खुर्च्या किंवा मोबाइलचे पडदे आखणाऱ्यांची मक्तेदारी नाही. पाण्याची पाळी ठरवणारा पाटकरीही डिझाइन करतो आणि बचत गटाचा हप्ता बसवणारी बाईसुद्धा. पुढं स्टॅनफर्ड विद्यापीठात 2005 च्या सुमारास सुरू झालेल्या डी-स्कूलनं ही रीत पाच टप्प्यांत शिकवायला घेतली: माणसाला समजून घ्या, प्रश्न नेमका करा, कल्पना काढा, स्वस्तात नमुना करा, तो वापरायला देऊन बघा. टप्पे फळ्यावर लिहिले खरे, पण ते जिन्याच्या पायऱ्यांसारखे एकाच दिशेनं चढायचे नसतात हेही बजावलं. चौथ्यावरून पहिल्यावर यावं लागतं, आणि तसं आलात तर काम चुकलं असं समजायचं नाही.

7 ऑक्टोबर, सोमवार

हमीभावाचं खरेदी केंद्र अजून उघडलेलं नाही, म्हणून आधी मोंढा, म्हणजे धान्याचा बाजार. मुलांना तीनच सूचना दिल्या होत्या. "तुम्हाला ॲप आवडेल का" असा प्रश्न चुकूनही करायचा नाही. "मागच्या वेळी माल आणला तेव्हा काय काय झालं, पहिल्यापासून सांगा" असं म्हणायचं. आणि समोरचा थांबला की आपण लगेच बोलायचं नाही.

"आवडेल का" विचारलं, तर आपल्याकडचा माणूस पोरांचं मन मोडत नाही. "लई चांगलं होईल" म्हणतो, आणि ते ॲप पुढं कधी उघडत नाही. मागच्या वेळची हकीकत सांगायला लागला, की मात्र गाडी कुणाची होती, भाडं किती, बरोबर कोण आलं होतं, जेवला कुठं, सगळं आपोआप बाहेर येतं.

आडतीच्या ओट्यावर एक गोष्ट सगळ्यांनी टिपली. हमालानं कट्ट्याला परखी, म्हणजे दाणे काढायची टोकदार नळी, मारली, मूठभर दाणे तळहातावर घेतले. खरेदीदारानं ओलावा अजमावायला त्यातले दोन-चार उचलून दाताखाली धरले, चावले आणि भाव बोलला. सगळा खेळ अर्ध्या मिनिटाचा. शेतकरी बाजूला उभा राहून खरेदीदाराच्या तोंडाकडं बघत होता. माल त्याचा होता, पण दाणा दुसऱ्याच्या दातात होता. गटातल्या एका मुलीनं वहीत लिहिलंय: "त्याला विचारलं, किती ओलावा धरला? म्हणाला, ते कोण सांगतंय व्हय."

रांगेबद्दल तक्रारी आल्या, नाही असं नाही. पण रांगेविषयी माणसं सवयीनं बोलत होती आणि ओलाव्याविषयी चिडून. मुलांनी हा फरक आपणहून पकडला, याचं मला फार बरं वाटलं.

10 ऑक्टोबर, गुरुवार

गावात गेलो. मळणी यंत्र चालू होतं. मधूनच आभाळ भरून येत होतं, त्यामुळे जो तो बनीम, म्हणजे कापून रचलेला ढीग, झाकायच्या घाईत. असल्या वेळी कुणाला बसवून मुलाखत घेणं बरं दिसत नाही. मुलांना ताडपत्र्या ओढू लागायला लावलं. काम करता करता जे बोलणं होतं त्याची सर कोऱ्या फॉर्मला येत नाही.

एका मावशींच्या अंगणात सोयाबीन वाळत घातलं होतं. त्यांनी वरचा दाणा घेतला, दाताखाली धरला, कट् असा आवाज आला. मग हात कोपरापर्यंत ढिगात घातला, तळाचा दाणा काढला आणि माझ्या हातावर ठेवला. "चावून बघा ताई." दाणा फुटला नाही, त्यावर दाताची खूण उमटली. "वरचं वाळलंय, खालचं न्हाई. मालक वरचं बघून गाडी सांगतेत."

मग विचारलं, माल कधी न्यायचा हे ठरवतं कोण? मालक. वाळवतं कोण? मावशी आणि सून. केंद्रावर कोण जातं? मालक. म्हणजे तळाचा दाणा ओला आहे हे जिला ठाऊक, ती केंद्रावर नसते. आणि जो केंद्रावर असतो त्यानं ढिगात हात घातलेला नसतो. ॲपसाठी आलेल्या पत्रात या बाईचा उल्लेख कुठंच नव्हता. तिच्याजवळ स्वतःचा स्मार्टफोनही नाही.

त्याच गल्लीत भाड्याचा विषय निघाला. टेम्पो भरून केंद्रावर नेला आणि ओला म्हणून माल परत केला, तर येतानाचं भाडंही अंगावर. हमाली दोनदा. म्हणून परत कुणी आणतच नाही.

14 ऑक्टोबर, सोमवार

दसऱ्यानंतरचा पहिला तास. एका मुलानं मनातली शंका मांडली: ही सगळी रीत अमेरिकेतली, तिथल्या कंपन्यांची, आपल्या मोंढ्यात तिचं काय काम? शंका रास्त होती. आजचा तास म्हणून जालन्याच्या हापशाला दिला.

आपला बहुतेक मराठवाडा काळ्या पाषाणावर बसलेला. कठीण खडकात खोल बोअर घेणारी यंत्रं 1960 च्या दशकात आली, पाणी लागलं, पण त्यावर बसवले ते ओतीव लोखंडाचे पंप परदेशातल्या घरगुती पंपांच्या धर्तीवरचे होते. एका कुटुंबानं दिवसातून थोडा वेळ हलवायचा पंप, तो इथं अख्ख्या वस्तीसाठी पहाटेपासून रात्रीपर्यंत चालायचा. दांड्याला सांधे अनेक, प्रत्येक सांधा झिजायचा, आणि पंप बंद पडला की बाया पुन्हा विहिरीवर. पाणी जमिनीत होतं, बोअर झालेला होता, खर्चही झालेला होता. कमी पडला होता तो एवढाच विचार, की हा दांडा कोण, किती वेळ आणि किती जोरानं हलवणार आहे.

जालन्यात मिशनच्या लोकांनी हे बघितलं आणि दांडा एकाच खुंटीवर फिरेल असा पंप बनवला. सांधे कमी, म्हणून झीज कमी. सोलापुरात त्यात सुधारणा झाली. पुढं 1970 च्या दशकात युनिसेफ आणि भारतातल्या अभियंत्यांनी त्यावरून इंडिया मार्क टू हा हातपंप घडवला. गावोगाव दिसणारा हापसा तो हाच. देशात लाखोंच्या संख्येनं बसला आणि आफ्रिकेतही गेला.

गोष्ट तिथंच थांबत नाही, म्हणून ती मला शिकवायला जास्त आवडते. मार्क टू बिघडायचा कमी, पण बिघडला की आतले पाइप वर ओढायला माणसांची टोळी आणि गाडी लागायची. दुरुस्तीवाले येईपर्यंत गाव खोळंबायचं. मार्क थ्रीमध्ये पाइप रुंद केला, त्यामुळे पाइप न उपसता नुसता दट्ट्या वर काढता येतो. दोघं-तिघं मिळून, गावातल्या शिकलेल्या बायासुद्धा, दुरुस्ती करू शकतात. आधी वापरणाऱ्याचा विचार झाला, मग दुरुस्त करणाऱ्याचा. शंका काढणारा मुलगा जालना जिल्ह्यातलाच. त्याला हापसा रोजचा, पण ही हकीकत ठाऊक नव्हती.

24 ऑक्टोबर, गुरुवार

एका खरेदी केंद्रावर दिवसभर थांबलो. नोंदणी, सातबारा, पीकपेरा, आधार, पासबुक, मग मेसेज आल्यावर माल घेऊन यायचं, हा सगळा क्रम मुलांनी कागदावर चित्रासारखा उतरवला आणि प्रत्येक टप्प्यावर माणसाचा चेहरा कसा होता तेही लिहिलं. रांग होती. पण रांगेत माणसं बोलत होती, तंबाखू मळत होती, ओळखी निघत होत्या. चेहरे बदलले ते ओलावा मापकापाशी.

एका काकांचा माल लावला. ग्रेडरनं, म्हणजे माल तपासणाऱ्यानं, तीन कट्ट्यांतून परखीनं दाणे काढले, यंत्राच्या वाटीत टाकले. 14.6 आला. पुन्हा लावला, 14.4. हमीभावाला मर्यादा 12 टक्क्यांची. "वाळवून आणा काका." ग्रेडर सभ्यपणे बोलला, त्याची चूक काहीच नव्हती. काकांनी यंत्राच्या पडद्याकडं पाहिलं, मग टेम्पोवाल्याकडं, मग मुलाला फोन लावला. हरभऱ्याचं बी घ्यायचं होतं, पेरणी तोंडावर. टेम्पो तिथूनच आडतीकडं वळला. आम्ही मागोमाग गेलो. 4,150 नं सौदा झाला.

यंत्र कसं चालतं ते मुलांना ठाऊक होतं: दाण्यात पाणी जास्त असलं की त्याची विद्युत धारकता बदलते, त्यावरून यंत्र टक्केवारी काढतं. पण त्या आकड्यापाशी उभ्या राहिलेल्या माणसाचं काय होतं, ते त्यांनी आज पाहिलं. परतताना गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

26 ऑक्टोबर, शनिवार

प्रश्न नेमका करायचा तास. माझ्या मते सगळ्या पद्धतीतला हा कठीण भाग आहे, आणि बहुतेक कार्यशाळांत तो घाईनं उरकतात. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लावल्या म्हणजे झालं असं लोकांना वाटतं. होर्स्ट रिटल आणि मेल्विन वेबर यांनी 1973 मध्ये समाजातल्या चिवट प्रश्नांबद्दल लिहिलं, त्यातला एक मुद्दा मी दरवर्षी सांगते: अशा प्रश्नाची मांडणी आपण जशी करू तसंच त्याचं उत्तर निघतं. "रांग मोठी आहे" म्हटलं की टोकन निघणार. "शेतकऱ्याला माहिती नाही" म्हटलं की भित्तिपत्रक आणि भाषण निघणार.

गटानं फळ्यावर बऱ्याच ओळी लिहिल्या आणि पुसल्या. "शेतकऱ्यांचं प्रबोधन" हा शब्द मावशींची आठवण करून देऊन मी पुसायला लावला. त्यांना तळाचा दाणा ओला आहे हे कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी ही ओळ राहिली:

गाडी सांगण्याआधी, आपल्याच अंगणात, माल घेतला जाईल की नाही हे वाळवणाऱ्या बाईला आणि विकणाऱ्या माणसाला मिळून, खात्रीनं कसं कळेल?

"मिळून" हा शब्द मुलींनी घातला. मुलांनी आधी तो काढायचा प्रयत्न केला. वाद चांगला झाला आणि शब्द राहिला.

कंपनीच्या अध्यक्षांना फोन केला. टोकनचं ॲप यंदा करणार नाही, आणि का करणार नाही, हे सगळं सांगितलं. काकांचा टेम्पो सांगितला. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आमच्या बोर्डावरच्या प्रत्येकाचा टेम्पो कधी ना कधी असा वळलाय, मॅडम. करा तुम्ही."

28 ऑक्टोबर, सोमवार

आज वसुबारस, उद्यापासून मुलं गावी जातील. जायच्या आधी कल्पनांचा तास उरकला. पहिला अर्धा तास कुणीही कुणाची कल्पना खोडायची नाही एवढाच नियम. बरंच निघालं: गावात एक मापक, कट्ट्यात ठेवायचा सेन्सर, सौर वाळवणी, मिठाची बाटली, रंग बदलणारा कागद, फिरती गाडी, गल्लीत एक जाणती बाई नेमणं.

निवड करताना गटातल्या एका मुलीनं तिच्या घराचं सांगितलं. ती किल्लारीकडच्या पुनर्वसित गावातली. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर 52 गावं उठवून नव्या जागी वसवली. जमिनीच्या हिशोबानं 250, 400 किंवा 750 चौरस फुटांचं घर. घरं भूकंपाला टिकणारी झाली, ते फार मोठं काम होतं, आणि ते थोड्या काळात झालं. पण रस्ते सरळ, घरं ओळीत. जुन्या वाड्याच्या ढाळजेत जनावरं, कडबा, अवजारं राहायची, त्यांना नव्या घरात जागा कुठं? तिच्या आजीनं दारापुढं पत्र्याचं शेड घातलं. शेजाऱ्यांनीही घातलं. ती म्हणाली, "आमच्या गल्लीत प्रत्येक घराला शेड आहे. ते घर आखणाऱ्यांनी बघितलं असतं तर पहिल्या दिवशीच बांधलं असतं." आणि मग तिनं सौर वाळवणीच्या कल्पनेकडं बोट दाखवलं: "ही पेटी ठेवायची कुठं? अंगणात ताडपत्री हाय, ती उचलली की लेकरं खेळतेत."

पेटी त्यामुळं बाजूला पडली. मिठाची बाटली, मापक आणि ते कसं वापरायचं हे सांगणारं कार्ड एवढं पुढं घ्यायचं ठरलं. दिवाळीत घरी गेल्यावर प्रत्येकानं एकच करायचं आहे: घरातल्या थोरल्या बाईला विचारायचं, दाणा वाळला हे तुला कशावरून कळतं.

6 नोव्हेंबर, बुधवार

मुलं उत्तरं घेऊन आली. दाताची खूण. मुठीत घेतल्यावर येणारा आवाज. ढिगात पाय घातल्यावर तळव्याला लागणारा गारवा. हे शेवटचं मीही पहिल्यांदाच ऐकलं, आणि ते अगदी बरोबर आहे. ओल्या दाण्यातलं पाणी उडताना गारवा धरतं.

नमुने सुरू केले. नमुना म्हणजे लाज न वाटता फेकून देता येईल इतका स्वस्त हवा. मिठाची बाटली अशी: झाकणाची काचेची बरणी, ती कोरडी करायची, मीठ तव्यावर भाजून थंड करायचं, एक भाग मीठ, तीन भाग सोयाबीन, हलवायचं आणि थोडा वेळ ठेवायचं. मीठ काचेला चिकटलं तर माल ओला. मका आणि भातासाठी ही युक्ती पुष्कळ ठिकाणी सांगतात. कारण साधं आहे: बंद बरणीतल्या हवेची आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी धरायला लागतं.

पडताळ्यासाठी तेच नमुने प्रयोगशाळेच्या ओव्हनमध्ये लावले. अख्खे दाणे 103 अंश सेल्सिअसवर 72 तास, आधीचं आणि नंतरचं वजन, फरक म्हणजे पाणी. मापकावर विश्वास ठेवायचा तर त्याला आधी ही परीक्षा द्यायला हवी.

9 नोव्हेंबर, शनिवार

ओव्हनचे आकडे आले. मापक जवळपास जुळला, थोडा वर-खाली. मिठाच्या बरणीनं चिंब ओला माल चोख दाखवला, पण ओव्हनमध्ये 13 च्या आसपास निघालेल्या मालालाही ती "कोरडा" म्हणाली. 12 च्या मर्यादेला ती चालणार नाही. तिच्या भरवशावर टेम्पो सांगितला तर काकांसारखीच गत होईल. बरणी बाजूला ठेवली, फेकली नाही.

12 नोव्हेंबर, मंगळवार

मापक आणि कार्ड घेऊन बचत गटाच्या बैठकीला. मुलांना बजावलं होतं, की यंत्र हातात द्यायचं आणि मागं सरायचं. "असं नाही, असं" म्हणायला तोंड उघडायचं नाही. हे त्यांना फार जड गेलं.

मावशींनी उन्हातला गरम दाणा थेट वाटीत ओतला आणि आकडा भलताच आला. दुसरीनं फक्त वरचा दाणा घेतला. तिसरीनं बटण दाबलं तर मक्याचा क्रमांक लागला आणि तिला ते कळलं नाही. हे सगळं आम्हाला हवंच होतं. कार्डावरची पहिली ओळ तिथल्या तिथं बदलली: दाणे सावलीत गार होऊ द्या. मग नमुना घ्यायची रीत: ढिगाच्या वरून, मधून आणि तळातून ओंजळ-ओंजळ काढा, सुपात मिसळा, चार वाटे करा, समोरासमोरचे दोन ठेवा, पुन्हा मिसळा. सुपात चार वाटे करणं त्यांच्या हाताला इतकं सवयीचं होतं, की ते समजावून सांगायचीही गरज पडली नाही. मापकावरचा सोयाबीनचा क्रमांक सोडून बाकीच्या बटणांवर त्यांनीच चिकटपट्टी लावली.

खरी अडचण पुरुषांकडून आली, आणि ती आमच्या ध्यानातच नव्हती आलेली. दारात उभे असलेले एक दादा म्हणाले, "वाळवलं की वजन जातंय. मग वाळवून फायदा कुणाचा?" अख्ख्या बैठकीत याहून मोलाचं कुणी काही बोललं नाही. मुलांनी तिथंच खडूनं हिशोब मांडला. 15 टक्के ओलाव्याचा 100 किलो माल म्हणजे 85 किलो सुका दाणा आणि 15 किलो पाणी. तोच 12 टक्क्यांवर आणला तर 85 भागिले 0.88, म्हणजे 96.6 किलो. गेलं साडेतीन किलोच्याही आत, आणि गेलं ते पाणी. हमीभावानं त्याचे 4,725 रुपये. ओला 100 किलो आडतीवर त्या काकांच्या भावानं 4,150. दादांनी हिशोब दोनदा तपासला आणि विचारलं, 18 असला तर? 93.2 किलो. "हे कार्डावर घाला," म्हणाले. कार्डाच्या मागच्या बाजूला आता तोच तक्ता आहे.

16 नोव्हेंबर, शनिवार

कालच बातमी आली: केंद्र सरकारनं यंदाच्या हंगामापुरती सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा 12 वरून 15 टक्के केली. शेतकऱ्यांसाठी हा दिलासा आहे आणि मला मनापासून आनंद झाला.

कार्ड छापायला द्यायचं होतं, त्यावर 12 होतं. एका मुलाचा चेहरा पडला. त्याला म्हटलं, आकडा सरकार ठरवतं, तो उद्याही बदलेल. मग कार्डावर आकडा छापायचाच कशाला? आता कार्ड लॅमिनेट केलंय आणि मर्यादेच्या जागी मोकळा चौकोन आहे, खडूसारख्या पेन्सिलनं लिहायचा. चौकोनाखाली ओळ: मर्यादेच्या अर्धा टक्का खाली आल्यावरच गाडी सांगा. मापकाचा आकडा तेवढा वर-खाली होऊ शकतो, हे ओव्हननं दाखवलंय.

आणि मिठाची बरणी परत टेबलावर आली. 12 ला ती निकामी होती, पण 15 च्या मर्यादेला तिचं "कोरडं मीठ" कामाचं ठरू शकतं, कारण ओलावा 15 वर जायच्या आतच मीठ पाणी धरतं. नवे नमुने ओव्हनमध्ये लावलेत. आकडे हाती येईपर्यंत बरणी गावात द्यायची नाही.

22 नोव्हेंबर, शुक्रवार

विधानसभेचं मतदान परवा झालं, गावं मोकळी झाली. आजचा प्रश्न यंत्राचा नव्हता: मापक राहणार कुणाच्या घरी? किंमत काही हजारांत, दोनच घेणं परवडतं. सरपंचांच्या घरी ठेवा असं पुरुषांचं म्हणणं. बाया गप्प. मी बैठक लांबवली, चहा झाला, आणि पुरुष उठून गेल्यावर एकीनं सांगितलं, की त्या घरी प्रत्येकीला जाता येत नाही. तिनं त्याहून जास्त काही सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

अंगणवाडी, दूध डेअरी, पिठाची गिरणी अशी नावं निघाली. गिरणीवर एकमत झालं. तिथं सगळ्या गल्ल्यांतल्या बाया जातात, वजनकाटा आहे, आणि पिशवीतून मूठभर सोयाबीन नेलं तर कुणी विचारत नाही. गिरणी चालवणाऱ्या ताईंनी मापकाच्या नोंदवहीची जबाबदारी घेतली. ही जागा वर्गात बसून आमच्यातल्या एकालाही सुचली नसती.

29 नोव्हेंबर, शुक्रवार

कंपनीच्या बोर्डापुढं मांडणी झाली. मुलांनी स्लाइड दाखवल्या नाहीत. मापक, सूप, परखी आणि कार्ड टेबलावर ठेवलं आणि संचालकांनाच नमुना घ्यायला लावला. एका संचालकांनी वरचाच दाणा घेतला, तेव्हा गटातल्या मुलीनं त्यांचा हात न बोलता ढिगाच्या तळाकडं नेला.

दोन मापक कंपनी घेणार. गिरणीतल्या वहीत आकडा, तारीख आणि गाडी गेली की थांबली एवढंच लिहायचं ठरलं. नाव लिहायचं नाही, कारण कुणाचा माल किती ओला हे आडतीपर्यंत पोहोचायला नको. खरेदी केंद्राच्या ग्रेडरनं आमचा मापक त्याच्या यंत्राशी दर पंधरा दिवसांनी ताडून बघायचं कबूल केलंय. टोकनच्या ॲपबद्दल पुन्हा विचारणा झाली. गिरणीच्या वहीत वाळलेल्या मालाचे आकडे दिसायला लागले, की कुठल्या दिवशी किती गाड्या येणार हे आपोआप कळेल. मग ॲपची गरज उरते का ते जानेवारीत बघू, असं उत्तर दिलं आणि ते त्यांना पटलं.

राहिलेली कामं: बरणीच्या नव्या नमुन्यांचे ओव्हनचे आकडे. कार्डाची अक्षरं मोठी करणं, मावशींना चष्म्याशिवाय वाचता येत नाहीत. आणि तूर. काढणी डिसेंबर-जानेवारीत सुरू होईल. गिरणीच्या ताईंनी आजच फोन करून विचारलं, की तुरीचं बटण कोणतं, चिकटपट्टी काढून ठेवते.